केशरनं थुंकलेली माती

लाल झाला कागद? — बगू. व्हय, लालच की. मगाशी निळा व्हता, मी माज्या डोळ्यानं बघितलाय. परत एकदा बुडवा, रावसाब. आता दुसरीकडली घ्या — तुमच्या त्या गिरमिटाला लागलीय न्हवं, ती काळी, वरल्या थरातली. पानी हाय त्या करवंटीत. घाला, ढवळा. — हं. लाल. मला त्यातलं काय कळत न्हाई, मी आपला नागू, ह्या खोऱ्याचा बुदवंत. बुदवंत म्हंजे गावचा पुढारी, तुमच्याकडं पाटील असतोय तसा. पर ही माती बगा की — दोन हात खोल काळी, वल्ली बी काळी आनि उन्हात वाळवली तरी काळीच, नखात गेली तर दोन दिस निघत न्हाई. मुठीत धरली तर लोन्यावानी बसती. अशा मातीला कोन नाव ठेवंल? काय म्हनतोय तुमचा कागद? — आंबट? आंबट म्हनतासा तुमी बी?

न्हाई — "बी" म्हंजे — बोलायची रीत वो. आनखी कोन म्हननार. हितं हाय कोन.

बसा की, घोंगडीवर बसा. आमसुलाचं पानी देतो, गूळ न्हाई, चालंल न्हवं? बाईमानूस घरात न्हाई, भावाकडं गेलीय, येईल चार दिसांत. तुमी खड्डा काय झकास काढलाय, बाजू कशी सुरीनं कापल्यावानी. वर काळी, त्यात मुळ्या, अर्धी कुजलेली पानं — वास घेतला? जुन्या चिंचंचा येतो तसा वास हाय — आनि दोन हातांखाली एकदम तांबडी-पिवळी, जशी दुसऱ्याच गावची. आता तुमी इचारनारच, ही जोती कुनाची पडल्यात म्हनून. सगळेच इचारत्यात. बारा घरं व्हती हितं. तापाच्या साली मानसं गेली. म्हंजे काय मेली, काय उठून गेली. ताप सगळ्या मुलखात आल्ता, तुमच्या धारवाडात बी आला असंल. त्याला कोन काय करनार.

काय? ताप आला तवा किती घरं व्हती? — पाच व्हती. — न्हाई, बारा पयली. सात आदीच गेल्ती. — व्हय, आदी. बरीच आदी. तुमी लई इचारतासा, रावसाब. मातीला इचारा की, तिच्यासाठी आलासा न्हवं.

सांगतो, सांगायला काय झालं. आमी मूळचे वरले, त्या डोंगरावरले. आमचा आज्जा, पनजा सगळे कुमरी करनारे — एक तुकडा तोडायचा, वाळवायचा, जाळायचा, त्या राखंत नाचनी टाकायची, दोन-तीन वर्सांनी म्होरं सरकायचं. जर्मनच्या लढाईच्या आदी चार वर्सं सरकारनं डोंगर बंद केला. आता झाड तोडायचं न्हाई, आग लावायची न्हाई, खाली उतरा आनि भात लावा. जमीन देतो म्हनाले. फुकट. तीन ठिकानं दाखवतो, त्यातलं एक निवडा, पर बारा घरांनी मिळून एकच निवडा आनि बुदवंतानं अंगठा करा. आमचा आप्पा त्याच साली गेलेला, बुदवंतकी माज्याकडं आलेली. बत्तीस वर्सांचा व्हतो. म्हाताऱ्या मानसांनी मला "बुदवंत" म्हटलं की छाती फुगायची माजी. खोटं कशाला बोलू.

पयलं ठिकान बगितलं, निस्ता जांभा, पहार आपटली तर ठिनगी उडायची. ते कुनालाच नगो व्हतं. दुसरं नंदिगड्ड्याच्या अंगाला, कुंभेगाळी म्हनत्यात त्याला — माती फिकट, राखंच्या रंगाची, खडे, बघून मन भरंना. आनि तिसरं हे. हितं मी स्वतः कुदळ मारली, रावसाब. पयल्या घावाला काळी माती वर आली, तशी बायामानसांनी उचलून कपाळाला लावली. माजा चुलतभाऊ लखू, त्यो तर रडला. डोंगर सुटला म्हनून रडत व्हता का ह्या मातीसाठी, काय ठावं. मी म्हटलं, हेच. सरकारी कारकून मोजनीची साखळी घिऊन उभा व्हता, त्यानं कागद काढला.

आनि केशरनं चिमूटभर माती उचलली.

केशर म्हंजे माजी बायको. तीच, भावाकडं गेलीय ती. ती आमच्या डोंगरावरली न्हवं, घाटाखालची, खाडीच्या काठची. तिकडं भरतीचं खारं पानी शेतात शिरतंय, म्हनून तिकडली मानसं पेरायच्या आदी माती जिभंवर ठेवून बघत्यात — खारी हाय का गोडी. तिच्या बापानं शिकवलेलं तिला. लगीन करून वर आली तरी सवय गेली न्हाई. नव्या कुमरीत गेली की चिमूट जिभंवर. आनि बाया हसायच्या, कारन आमच्याकडं दिवस गेलेली बाई माती खाती, तसलीच समजूत. माजी अव्वा तर दर टायमाला तिच्या तोंडाकडं बगायची, सून माती चाटती म्हंजे काय तरी हाय म्हनून. काय नसायचं. नऊ वर्सांत एकदा व्हतं. सात म्हैने भरलं, मुलगी झाली, रडली न्हाई. मीच नेली कुमरीच्या कडंला. केशर पाचव्या दिशी नाचनीच्या तुकड्यात जाऊन निंदायला बसली. अशी बाई.

तर तिनं ती काळी माती जिभंवर ठेवली आनि थुंकली. परत घेतली, परत थुंकली. मग पदरानं तोंड पुसून म्हनाली — हळू बोलली, मला एकट्यालाच सांगायचं व्हतं तिला — "आंबट हाय ही. भात वाढंल, पर दाना भरनार न्हाई." मी म्हटलं, गप. तर तिनं माजा हात धरून त्या जागेत फिरवलं, वाकून दाखवलं, "बगा, एक तरी गोगलगाईचा शंख हाय का? राखाडी मातीत पायाखाली करकर वाजत व्हते. गांडूळाची गुळी न्हाई. निस्तं नेचं उगवलंय. ह्या पान्यावर तांबडी साय धरलीय बगा. वर डोंगरावर बी माती अशीच आंबट असती, पर आपुन जाळतो, राख पडती, म्हनून गोडी व्हती. हितं जाळू देनार न्हाईत. कुंभेगाळीची घ्या." तवर सगळे गोळा झालेले. लखू इचारतोय, वैनी काय म्हनती? आनि कारकून हसला. म्हनाला, "बुदवंत, निकाल तुमचा चालतो का हिचा?"

आता बगा, मी काय बी म्हनू शकलो असतो. "थांबा, इचार करतो" म्हटलं असतं तर कारकून काय मला खानार व्हता? बारा घरांची मानसं माज्या तोंडाकडं बगत व्हती. आनि मी म्हटलं —

न्हाई, जाऊ द्या. आमसुलाचं पानी घ्या. आंबट झालंय काय?

— म्हटलं, "हिचं काय ऐकता. दिवस गेल्यावानी माती चाटत फिरती, पोटात काय धरत न्हाई."

असं म्हटलं. बारा घरांपुढं. मानसं हसली, सगळी न्हाई, पर हसली. माजी अव्वा हसली न्हाई. केशरच्या ओठाला ती काळी माती लागलेली व्हती, ती तिनं पुसली. एवढंच म्हनाली, "बरं." आनि जाऊन गाठोड्यापाशी बसली. मी अंगठा केला.

त्या दिसापासनं तिनं परत कवा माती जिभंवर ठेवली न्हाई. माज्यासमोर तरी न्हाई.

पयल्या साली भात काय वाढलं म्हनून सांगू — कमरंच्या वर, हिरवंगार, निस्तं बगत बसावं. मी तिला मुद्दाम बांधावर घिऊन गेलो आनि म्हटलं, बग. ती म्हनाली, "व्हय, दिसतंय." मग कापनी झाली, मळनी झाली. वारं देत व्हतो आमी, लखू सूप धरून वर उभा, मी खाली. अर्दी रास वाऱ्यानं गेली, रावसाब. पोचट. हातात घिऊन चुरडलं तर निस्ता कोंडा. मी म्हटलं, बियानं वाईट. दुसऱ्या साली खानापुरास्नं बियानं आनलं, पाठीवर, दोन दिस चालत. तेच. तिसऱ्या साली पानंच तांबारली, तांब्याच्या भांड्यावानी. पोरंबाळं जंगलातली कंदमुळं खाऊन ऱ्हायली. कुनी कुळगीकडं सागवान वडायला गेलं, कुनी लोंढ्याला रेलवेच्या कामावर. मला तोंडावर कुनी काय बोललं न्हाई. बुदवंताला बोलत न्हाईत.

आनि केशर काय करायची? रोज चुलीतली राख टोपलीत भरून न्यायची. दुपारी व्हाळात उतरायची, शिंपल्या येचायची, कुंभेगाळीपतोर जाऊन शंख आनायची — दीड कोस हाय — भट्टीत जाळायची, कुटून चुना करायची. आमच्या शेताच्या खालच्या कोपऱ्यात, खळ्याएवढा तुकडा, तेवढ्यातच टाकायची. मी इचारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई. तिसऱ्या साली सगळं खोरं तांबारलं आनि तेवढा खळ्याएवढा तुकडा पिवळा झाला. लोंब्या वाकल्या. दुरून बी दिसायचं.

लखू आला. दारात उभा ऱ्हाऊन म्हनाला, "वैनी, त्यो तुकडा कसा काय भरला?" केशर भाकरी थापत व्हती. हात थांबवला तिनं. माज्याकडं बगितलं. आनि लखूला म्हनाली, "धन्यांना इचारा, ते सांगतील."

समजलं न्हवं तुमाला, तिनं काय केलं ते? मान दिला मला. म्हंजे मी म्हनायचं, "केशर, सांग त्याला." तीन शब्द. किंवा म्हनायचं, मीच करवून घेतलं तिच्याकडनं — तरी ती व्हय म्हनाली असती, रावसाब, मला ठावं हाय, व्हय म्हनाली असती आनि सगळ्या बारा घरांनी राख वाह्यली असती, शिंपल्या जाळल्या असत्या. गाव वाचलं असतं. मी म्हटलं, "तितं गाईचं शेन पडलंय." लखू खाली बगून निघून गेला. केशरनं भाकरी तव्यावर टाकली.

मग कापनीच्या आदी चार दिस गुरं त्या तुकड्यात शिरली आनि सगळं खाल्लं, तुडवलं. गुरं काय, मुकी जनावरं. कुपनाची आडवी काठी पडली असंल —

पडली न्हाई. मीच काढली. उजाडता उजाडता गेलो आनि काढून ठेवली आनि गुरं त्या अंगाला हाकलली. लोकं रोज त्या तुकड्याकडं बगत व्हती, बगून माज्याकडं बगत व्हती. मला सोसंना. — हे मी अजून कुनाला बोललो न्हवतो. तुमाला का बोललो काय ठावं. त्या तुमच्या कागदानं डोकं फिरवलं माजं.

केशर आली, बगितलं. काठी बाजूला नीट टेकवून ठेवलेली व्हती — मूर्ख मी, फेकून तरी द्यायची. तिनं ती उचलली, परत जागेवर घातली. घरात येऊन मला जेवाय वाढलं.

पंधरा दिसांनी लखू आनि सा घरं, असे सातजन माज्या अंगनात आले. म्हनाले, आमी कुंभेगाळीला जातो, कचेरीत अर्ज दिलाय, पडीक हाय, मिळंल. मी म्हटलं, जावा. तर लखू म्हनाला, "दादा, राग धरू नगं. वैनीला आमच्यासंगं पाठव. कुठला तुकडा घ्यायचा ते ती सांगंल." म्हंजे त्याला सगळं कळलेलं. त्या शेनाच्या दिशीच कळलेलं.

केशर आतनं आली — विळा, एक तपेली, एक घोंगडी, एवढंच घेतलेलं. अंगनात उभी ऱ्हायली आनि म्हनाली, "मी जाते. तुमी येनार असलासा तर या. मी काय बोलनार न्हाई तुमाला, कवाच बोलनार न्हाई." मी म्हटलं, "बुदवंत गाव सोडत न्हाई." तिनं घोंगडी खांद्यावर टाकली. मला वाटलं आनखी एकदा म्हनंल. मी वाट बगत व्हतो, आनखी एकदा म्हनाली असती तर मी — काय ठावं. अव्वा मागनं म्हनाली, नागू, जा रं. मी वळून आत आलो. भाईर आलो तवर ती वाटंला लागलेली.

व्हय, आता तुमी म्हनाल, मगाशी भावाकडं गेली म्हनून सांगितलं. नऊ वर्सं झाली, रावसाब. भाऊबिऊ न्हाई. सगळ्यांना तसंच सांगतो.

मग ताप आला, अव्वा गेली, माजं सोडून ऱ्हायलेली चार घरं बी रिकामी झाली. मी हाय. एक गाय हाय, चार वाफं नाचनी पिकवतो, राख टाकून. व्हय, राख टाकून, हसू नगा. दोनदा गेल्तो तिकडं. खिंडीपतोर. तितनं कुंभेगाळी दिसती — छपरं, गवताच्या गंज्या, पोरं गुरं हाकत्यात. एकदा एक बाई बांधावर वाकलेली दिसली, मातीकडं वाकलेली. तीच असंल, दुसरं कोन वाकनार तसं. सांज व्हईपतोर बसलो आनि परत आलो. उतरून जायला किती येळ लागतोय? भाकरी खाईपतोर पोचतोय मानूस.

तुमी तिकडनंच आलासा न्हवं? बुटाला राखाडी माती हाय तुमच्या, आल्या आल्या बगितली मी. म्हनून तर बसवलं तुमाला, न्हाई तर सरकारी मानसाला मी कशाला आमसुलाचं पानी देतोय. तितं लाल झाला काय कागद? — न्हाई झाला. निळाच. हं. — काय? माती चाखनारी म्हातारी भेटली? म्हातारी कसली वो, चाळिशी बी झाली नसंल. उंच हाय, डाव्या हाताचं बोट वाकडं — तीच. केशर. कागदाच्या आदीच सांगती म्हनतासा, कुठली आंबट, कुठली गोडी? सगळ्यांच्या शेतात नेत्यात तिला? बरं झालं. लई बरं झालं. केस पिकल्यात काय? जेवती-खाती न्हवं? घर कसलं हाय? — लखूच्या पोरी तिच्यापाशीच असत्यात? बरं, बरं.

माजं — म्हंजे ह्या खोऱ्याचं काय बोलली काय? तुमी इचारलं असंल की, अक्का तुमी मूळच्या कुठल्या म्हनून. कुमरीवरली म्हनाली. बरोबर. मग? घरधनी कुठं असं इचारलं काय तुमी? — सांगा की. सांगा वो, मला काय व्हनार न्हाई.

तापाच्या साली गेला म्हनाली.

कुकू न्हाई लावत? — मोकळं कपाळ.

हं.

न्हाई, न्हाई, तुमी चुकला न्हाई, दुसऱ्या कुनाची गोष्ट न्हाई. तिला कुनी तरी सांगितलं असंल, पाच घरं गेली तशात बुदवंत बी गेला म्हनून. न्हाई तर ठावं असून म्हनाली असंल. खिंडीत बसलेला मानूस खालनं बी दिसतोच की.

उठा आता, रावसाब. ती गिरमिट घ्या, कागद घ्या. दिस कलायच्या आत व्हाळ वलांडा, पल्याड अस्वलं असत्यात. — कसला निरोप? काय न्हाई निरोप. मी भेटलो म्हनून बी सांगू नगा तिला. जावा.